जळक्या रॉडची पावती

पार्सल आलं की मामा आधी हात धुवायचे, पूजेला बसताना धुवावेत तसे, पार कोपरापर्यंत. मग पंच्याला हात पुसून खुर्चीवर बसायचे, खोकं मांडीवर घ्यायचे आणि चिकटपट्टीचं टोक नखानं उचकटत राहायचे. आम्ही मुली भोवती कोंडाळं करून उभ्या. "मामा, ब्लेड घ्या ना!" "मामा, क्लास सुरू झाला!" मामा मान वर न करता म्हणायचे, "ब्लेडनं लेबल फाटतंय. लेबल फाटलं की मग कोन कुणाचं न्हाई." पट्टी अख्खी निघाली की वस्तू आमच्या हातात यायची आणि रिकामं खोकं मामांकडे जमा व्हायचं. ते खोकं पुन्हा कुणाला मिळालंय, असं मी त्या दोन वर्षांत पाहिलं नाही.

लातूरच्या क्लासेसच्या भागात, दोन डाळ मिलच्या मागच्या गल्लीत आमचं मुलींचं वसतिगृह होतं. मालक गावाबाहेर बंगल्यात राहायचा. वसतिगृह सांभाळायचे मामा. टँकर आला की पाणी भरून घेणं, फाटक लावणं, आजारी मुलीला दवाखान्यात नेणं, सगळं त्यांच्याकडे. साठी कधीच उलटलेली, अंगानं काटक, डोक्याला टोपी. राहायचे जिन्याखालच्या खोलीत. खोली कसली, निम्मी जागा पुठ्ठ्याच्या खोक्यांनी भरलेली आणि उरलेल्या निम्म्या जागेत एक खाट. म्हणून त्यांचं नाव पडलं पुठ्ठेवाले मामा. तोंडावर नुसतंच मामा.

डॉक्टर व्हायला पाठवलेल्या आम्हा मुलींना घरच्यांनी पुस्तकं दिली, गादी दिली, तुपाचा डबा दिला, फोन मात्र दिला नाही. फोननं पोरगी बिघडते, असं सगळ्यांच्या घरी ठरलेलं. मग काहीही मागवायचं तर मामांच्या फोनवरून, मामांच्या नावानं. वस्तू घरपोच पाठवणाऱ्या कंपनीच्या दृष्टीनं मामा म्हणजे केसांचे चाप, मांजराच्या तोंडाच्या चपला आणि पाण्याच्या गुलाबी बाटल्या मागवणारा कुणीतरी अजब म्हातारा असणार. प्रत्येक खोक्यावर मामा बॉलपेननं मुलीचं नाव, खोली नंबर आणि तारीख घालायचे. वाळवी लागू नये म्हणून मध्ये कडुलिंबाचा पाला. मालक ओरडायचा, "अहो, भंगारवाल्याला द्या की हे!" मामा म्हणायचे, "देतो ना साहेब, देतो." आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन खोकी रचायचे.

"कागद हाय का?" हा त्यांचा दुसरा जप. ताप आला म्हणून क्लासला गेलो नाही, तर कागद हाय का? मावशीचं लग्न आहे, दोन दिवस घरी जायचंय, तर कागद हाय का? एकदा एका मुलीनं चिडून वहीच्या पानावर "मला भूक लागली आहे" असं लिहून खाली सही करून दिली. मामांनी ते पान नीट वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि पोह्याची ताटली आणून दिली. आम्ही हसून हसून बेजार.

मी किनवटकडची. वडील आश्रमशाळेत शिक्षक. रविवार हा आईबापांच्या भेटीचा दिवस. सकाळपासून गाड्या यायच्या, डबे उघडायचे, खोल्याखोल्यांतून धपाटे आणि शेंगाच्या चटणीचा वास सुटायचा. माझ्याकडे कुणी यायचं नाही. एवढ्या लांबून दर आठवड्याला कोण येणार? मैत्रिणी बोलवायच्या, पण दुसऱ्याच्या आईच्या हातचं जेवण गोड लागत नाही. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसायचे. तिथे मामाही असायचे. त्यांच्याकडेही कुणी येत नसे. त्यांनी कधी मला "कामून एकटी बसलीस" असं विचारलं नाही. केळ्याची फणी पुढे करायचे. "घे. अर्धापुरी हायेत. तुझ्याच जिल्ह्याची." मग आम्ही दोघं न बोलता केळी खायचो. वर तीस घरांचा गलबला चाललेला आणि खाली आम्ही दोघंच. आज एवढ्या वर्षांनी सांगते, त्या दोन वर्षांत मला घरासारखं वाटलं असेल तर तेवढंच.

थंडीत सकाळी सहाला क्लास. अंघोळीला पाणी तापवायचं म्हणून आम्ही रॉड वापरायचो, बादलीत सोडायचा तो. माझा जुना बंद पडला, म्हणून मामांच्या फोनवर मी एक नवा निवडला. चित्रात झकास दिसत होता, खाली लोकांनी चांदण्याही भरपूर दिलेल्या. सगळ्यांचे रॉड सारखेच दिसतात, अदलाबदल होते, म्हणून आम्ही मुठीवर लाल नेलपॉलिशनं नाव घालायचो. मी घातलं, प्रणिता.

आठवडाभर तो बरा चालला. मग एके सकाळी मी बटण बंद केलं, पिन काढली आणि रॉड बाहेर उचलला. मूठ आतून वितळून मऊ झाली होती. ती माझ्या डाव्या हातात राहिली आणि खालचं तापलेलं वेटोळं सुटलं. पडू नये म्हणून मी ते उजव्या हातानं झेललं. असा कसा मूर्खपणा केलास, असं पुढे सगळ्यांनी विचारलं. पडणारी वस्तू झेलायला हात काय विचारून पुढे जातो?

रिक्षात मामा माझा डावा हात धरून बसले होते. दवाखान्यात डॉक्टर पट्टी बांधत होते, मी किंचाळत होते आणि हे गृहस्थ डॉक्टरांना सांगत होते, "साहेब, कशानं भाजलं ते कागदावर लिवा. नुसतं भाजलं लिवू नका. वस्तूचं नाव लिवा, मूठ निसटली ते लिवा." मला असा संताप आला! माझा हात जळतोय आणि या म्हाताऱ्याला कागदाची पडलीय.

दुसऱ्या दिवशी आई आली. हात बघून तिनं आधी रडून घेतलं, मग डोळे पुसले आणि कामाला लागली. मीठ, सुक्या मिरच्या आणि तो रॉड, तीनही एकत्र करून माझ्यावरून सात वेळा उतरवलं. ज्यानं लेकराला चावा घेतला त्याला घरात ठेवायचं नसतं, हे तिचं म्हणणं. आमच्याकडे सगळ्याच बायका असं करतात. मग ती मागच्या तिवठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, तो उतारा टाकून आली. मागे वळून न बघता आली, फाटकाशी पाय धुतले आणि माझ्या उशाशी बसली. खरं सांगते, मला बरं वाटलं. ती वस्तू पुन्हा दिसू नये, एवढंच मला हवं होतं.

संध्याकाळी मामा पायरीपाशी येऊन विचारू लागले, "ताई, तो रॉड कुठं ठिवला?" आईनं सांगितलं. मामा एकदम खालीच बसले. टोपी काढली, पुन्हा घातली. मला वाटलं, आता आईला बोलणार. ते म्हणाले, "आईच्या जिवानं केलं तुम्ही. बराबर केलं." आणि उठून चपला घालून बाहेर पडले. तिवठ्यावर मीठ-मिरच्या तशाच होत्या. रॉड कुणीतरी वेचून नेला होता.

तीन दिवस मामा लातुरातली भंगाराची दुकानं पालथी घालत होते. सकाळी पाणी भरलं की निघायचे, मुली क्लासवरून यायच्या वेळी परतायचे. तिसऱ्या दिवशी आले ते पिशवी छातीशी धरून. आत रॉड होता. तांब्यासाठी वायर कापून घेतलेली, मूठ निम्मी वितळलेली, पण तिच्यावर लाल अक्षरं शाबूत होती, प्रणि. पुढचा ता जळालेला. आणि सोबत वहीचं एक चुरगळलेलं पान. त्यावर लिहिलं होतं, "या मामांनी आमच्या दुकानातून एक जळका रॉड नेला. आमच्या माणसाने तो तिवठ्यावरून उचलला होता." खाली सही.

"भंगारवाल्यानं पावती दिली?" मी विचारलं.

"देत नव्हता. म्हणला, मामा, येडे झाले का, भंगाराची कोन पावती देतंय? मी म्हणलं, मग मी हितंच बसतो. बसलो. त्यानं जेवण केलं, मी बसलो. त्यानं चहा मागवला, मला बी दिला. मग म्हणला, काय लिवायचं ते सांगा बाबा एकदा आन् जावा."

हात दुखत होता तरी मला हसू आलं. मग विचारलं, "मामा, एवढं कशासाठी पण? झालं ते झालं."

मामांनी थोडा वेळ ते पान मांडीवर ठेवून तळहातानं सपाट केलं. मग त्यांनी जे सांगितलं ते वसतिगृहात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांचं गाव औशाकडचं. ते लातूरच्या मिलमध्ये राखणदार होते, भूकंप झाला तेव्हाही कामावरच होते. गावी पोचले तर घराच्या जागी दगडमातीचा ढीग. बायको गेली आणि अकरा महिन्यांची लेक गेली, मुक्ता. "पुढं गेलेल्यांची यादी झाली. बायकोचं नाव रेशनकार्डात होतं, लागलं. लेकराचं घालायचं ऱ्हायलं होतं. टेबलावरचा माणूस चांगला होता. म्हणला, लेकराचा काही कागद हाय का? कागद कुठला? सांगायला शेजारी पायजे, ते बी त्याच भिंतीखाली. त्याची चूक न्हाई म्हणत मी. पर प्रणिता, कागदावर माझं लेकरू आलंच न्हाई. मग ते गेलं आसं तरी मी कुणाला सांगू?"

मी डावा हात त्यांच्या हातावर ठेवला आणि दोघंही रडलो. "तुझ्या हाताचं तसं होऊ देनार न्हाई," मामा म्हणाले. "काय झालं, कशानं झालं, कुनामुळं झालं, ते लिवूनच घिऊ."

तक्रार जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात गेली. वकील लावला नाही. तिथे आपलं गाऱ्हाणं आपणच मांडता येतं, हे मामांनी बसस्टँडवरच्या एका फलकावर वाचलं होतं. विकत घेणारे म्हणून तक्रारदार क्रमांक एक मामा, भाजलेली म्हणून क्रमांक दोन मी. मधल्या काळात मी परीक्षेला बसले, पण उत्तराचे गोल रंगवताना पेन बोटांतून गळून पडायचं. बोटं नीट मिटतच नव्हती. डॉक्टर व्हायचं त्याच हॉलमध्ये संपलं.

कंपनीचा वकील गोड बोलायचा. म्हणाला, आम्ही फक्त विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला जागा देतो, वस्तू आमची नव्हे. विकणाऱ्याच्या पत्त्यावर नोटीस पाठवली तर तिथे असं कुणी राहतच नव्हतं. बनवणाऱ्याचं नाव तर खोक्यावरही नव्हतं आणि ठिकाणाही नव्हता. मग मामांनी पिशवीतून खोकं काढून टेबलावर ठेवलं. पट्टी अख्खी, लेबल अख्खं. "साहेब, बाजारात हातगाडीवाल्याची वस्तू खराब निघाली तर जागेच्या मालकाला कोन धरत न्हाई, मान्य हाय. पर ही पट्टी कुनाची? ह्यांची. लेबलावर गोदाम कुनाचं? ह्यांचं. घरी आनून देनारा मानूस ह्यांचा. आन् गाडीवाला कुठं गेला म्हणलं तर हे म्हणून राहिले, आम्हाला मालूम न्हाई. मग लेकरानं कुणाच्या दारात जावं?" अध्यक्षबाईंनी चष्मा काढून खोकं हातात घेतलं. बनवणारा सापडत नसेल तर विकणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही, आणि वस्तू बांधून, लेबल लावून पोचवणाराही विकणाऱ्यांतच धरला जातो, असं कायद्यातच आहे, हे मला नंतर कळलं. मामांना ते आधीपासून माहीत असल्यासारखे ते उभे होते.

मग वकिलानं दुसरा डाव टाकला. खरेदी तर या गृहस्थांची, वस्तू वापरली या मुलीनं. ती आमची ग्राहक कशी? आणि मामांकडे वळून विचारलं, "ही मुलगी तुमची कोण लागते?"

मामांनी टेबलावरचं खोकं जवळ ओढलं. म्हणाले, "कोन न्हाई, साहेब. नात्याचा कागद न्हाई माझ्याजवळ. तिचं पार्सल माझ्या नावानं येतंय, तेवढंच." मी मागच्या बाकावर बसले होते. उठून काहीतरी म्हणावं, निदान मान वर करावी, एवढं तरी करता आलं असतं. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत बसले. लोकांसमोर काय म्हणायचं, असं वाटलं. ते मला आजही टोचतं.

पुढे मी नांदेडला औषधशास्त्राला गेले. हातात फोन आला, मैत्रिणी आल्या, नवं जग आलं. मामांचा फोन यायचा, "तारीख पडली बग. येतीस का?" माझं प्रॅक्टिकल असायचं, कधी खरं, कधी खोटं. मामा लगेच म्हणायचे, "नको येऊस. मी हाय ना." आणि तो म्हातारा तारखेमागून तारखेला, खोकं कापडी पिशवीत घालून एकटा जायचा. बाकावर एकटा बसायचा. पुकारा झाला की उठायचा. मी हे बघितलेलं नाही. पण मला ते इतकं स्पष्ट दिसतं की विचारू नका.

निकाल लागला तेव्हा मी शिकून बाहेर पडून नांदेडच्याच एका औषधाच्या दुकानात कामाला लागले होते. काउंटरवर गर्दी, आणि मामांचा फोन. "प्रणिता, आपल्या बाजूनं झालं! ऐक, वाचून दावतो." भरपाईचा भाग त्यांनी एका दमात उरकला. मग एका ओळीवर आले आणि शाळेतल्या पोरासारखं एकेक शब्द लावत वाचू लागले. "तक्रारदार क्रमांक दोन ही... तक्रारदार क्रमांक एक यांच्या देखरेखीखाली... त्यांच्या मुलीप्रमाणे राहत होती... व त्यांच्या संमतीने... सदर वस्तू वापरत होती. सबब तीही ग्राहकच आहे." थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. समोर एक आजोबा प्रिस्क्रिप्शन हलवत उभे होते. मी म्हणाले, "छान झालं मामा, गर्दी आहे, नंतर करते हां फोन."

तो फोन मी केला नाही. उद्या करू, रविवारी करू, दिवाळीला प्रत्यक्षच जाऊ. आपण माणसांना असंच तर ठेवून देतो.

पाच-सहा महिन्यांनी वसतिगृहाच्या मालकाचा फोन आला. "मामा गेले. झोपेतच. नातेवाईक कुणी मिळेना. त्यांच्या फोनमध्ये सगळ्यात वर तुमचा नंबर होता." मी मिळेल त्या एसटीनं लातूर गाठलं. पोचले तोवर मालकानं आणि गल्लीतल्या चौघांनी सगळं उरकलं होतं. जिन्याखालची खोली रिकामी. खोकी भंगारात गेली होती. खाटेवर तेवढं एक उरलं होतं, माझं नाव लिहिलेलं. "हे द्यायचं नाही, असं ते मागे म्हणाले होते," मालक म्हणाला.

मी खालच्या पायरीवर बसून ते उघडलं. पट्टी नखानं काढली, ब्लेड मागितलं नाही. आत जळका रॉड होता, भंगारवाल्याची पावती होती आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात मामांचं रेशनकार्ड. कार्ड भूकंपानंतर काढलेलं, त्यावर एकच नाव, मामांचं. त्याच पाकिटात, कार्डाला लावून, निकालाचं ते पान घडी घालून ठेवलेलं. मुलीप्रमाणे राहत होती, त्या ओळीखाली बॉलपेननं रेघ. इतक्यांदा उघडून मिटलेलं की घडीवर कागद फाटायला आला होता. वरच्या मजल्यावर नव्या मुली मोठ्यानं पाठांतर करत होत्या. मी तिथेच हमसून हमसून रडले. कुणी खाली आलं नाही, आणि यावं तरी कुणी?

मृत्यूची नोंद करायला मी गेले. "तुम्ही कशाला, मी माणूस पाठवतो," असं मालक म्हणत होता. मी ऐकलं नाही. अर्ज भरताना एक रकाना आला, मयताशी नाते. पेन अजूनही उजव्या हातात नीट बसत नाही. तरी उजव्याच हातानं लिहिलं, मुलगी.

खिडकीपलीकडच्या बाबूनं अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा अर्जाकडे पाहिलं. "आडनाव तर वेगळं दिसून राहिलंय. नात्याचा काही कागद हाय का?"

"हाय," मी म्हणाले, आणि पाकिटातून ते पान काढून त्याच्यासमोर उलगडून ठेवलं.